चालते, तर वाजत असेल की!

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, लिंबागणेश, मे २०२५. दहावी १९८२ च्या तुकडीतर्फे केलेले भाषण.)



संयोजकांनी मला विषय दिला 'परदेशातले अनुभव' आणि वेळ दिली पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत परदेश काही मावायचा नाही. म्हणून मी तुम्हाला फक्त एक गुहा सांगते. बर्फाची गुहा. गेल्या फेब्रुवारीत आइसलँड नावाच्या देशात मी ती पाहिली. आत आम्ही फार तर पाऊण तास होतो. पण त्या गुहेत शिरायचं तर मला इथूनच, आपल्या नववीच्या पत्र्याच्या खोलीतून, निघावं लागेल.

साल १९८०. दिवाळीच्या आधीचे दिवस. भूगोलाचा तास. सरांनी फळ्यावर 'हिमनदीचे कार्य' असं लिहिलं आणि खाली यू आकाराची दरी काढली. सर समोर बसलेत, त्यांना आठवत असेल किंवा नसेल, पण त्या दरीच्या तळाला त्यांनी खडू आडवा धरून पांढरा पट्टा ओढला होता, तो मला आजही दिसतो. "हिमनदी म्हणजे उताराच्या दिशेने अतिशय सावकाश सरकणारा बर्फाचा प्रवाह." आम्ही लिहून घेतलं.

आता आपण बर्फ पाहिलेला कुठं? गणपतीच्या जत्रेत. बीडहून एस.टी.च्या टपावर लादी यायची, गोणपाटात गुंडाळलेली, भुशात लोळवलेली. मांजरसुंब्याचा घाट चढून इथं येईपर्यंत निम्मी गळून गेलेली असायची. गोळेवाला ती झाकायचा अशी, जणू तान्हं लेकरू आहे. आपल्याला ठाऊक असलेला बर्फ एवढाच. तो नदी होऊन डोंगरावरून चालतो हे आपण पाठ केलं. खरं कुणालाच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक जण उठला. त्याचं नाव मी घेणार नाही, तशी त्यानं मला काल रात्रीच फोनवर ताकीद दिली आहे. तो म्हणाला, "सर, चालती तर वाजत आसंल की?"

वर्ग हसला. आणि आज ४५ वर्षांनी सांगून टाकते, सगळ्यात आधी मी हसले. पहिल्या बाकावरची, पहिल्या नंबरची मी. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "हसू नका. वाजते का, मला माहीत नाही. मी पाहिलेली नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिली तर येऊन सांगा मला." मग घंटा झाली.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव 'वाजती नदी' पडलं. तेही मीच पाडलं. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली, शेवटच्या बाकावरची ती जागा रिकामी. आई-बापाबरोबर तो कोयत्याला गेला होता. आपल्या वर्गातली आणखीही काही पोरं तशी जायची, पाडव्याच्या सुमाराला परत यायची. हा परत आला तो शाळेत आलाच नाही.

पुढं मी स्वतः भूगोलाची शिक्षिका झाले. ३३ वर्षं नववीला हिमनदी शिकवली. यू आकाराची दरी, लोंबती दरी, गिरिशृंग, हिमोढ. हिमोढावर टीप लिहा, दोन गुण. दर वर्षी तीच व्याख्या, 'अतिशय सावकाश' या शब्दांवर तोच जोर. ३३ वर्षांत एकाही मुलानं मला ती वाजते का असं विचारलं नाही. मीही कधी कुणाला सांगितलं नाही की हा प्रश्न एकानं विचारलेला आहे.

२०२४ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. लेक-जावई आयर्लंडमध्ये, डब्लिनला असतात. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं, आणि तिथून चार दिवस आइसलँडला जायचं ठरवलं. त्यासाठी वेगळा व्हिसा, वेगळे कागद, बँकेची पत्रं. ते रामायण इथं सांगत नाही. मुलींना रात्रीच्या आकाशातले ते हिरवे उजेड बघायचे होते. मला विचारलं, आई, तुला काय बघायचंय? मी म्हटलं, हिमनदी. आतून.

त्या देशाची वस्ती चार लाखांच्या आत. आपल्या जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत २५ लाखांवर होती. रेक्याविक या राजधानीतून निघालो आणि समुद्राच्या कडेकडेनं पावणेचारशे किलोमीटर पूर्वेला गेलो. वाटेत एके ठिकाणी गाडी थांबवली, मी खाली उतरले, आणि पहिल्यांदा पायाखाली बघितलं तर काय, आपलाच दगड! तोच काळा पाषाण. बालाघाटाच्या टेकाडांचा, आपल्या विहिरींचा, जात्याचा. आपलं दख्खनचं पठार लाव्ह्याचे थरावर थर साचून झालं, त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. तिथं ते काम अजून चालू आहे. २०२१ पासून राजधानीजवळच पुन्हापुन्हा जमीन फाटून लाव्हा वर येतोय. म्हणजे आपण म्हातारा दगड आणि तो बाळ दगड, एवढाच फरक. मी एक खडा उचलून पिशवीत टाकणार होते, लेकीनं हात धरला. तिथं चालत नाही म्हणे.

आता त्या हिमनगरीचं नाव. वात्नायोकुल. त्यांच्या भाषेत वात्न म्हणजे पाणी आणि योकुल म्हणजे हिमनदी. क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. आकडा ऐकून काही वाटत नाही ना? मलाही वाटलं नव्हतं. मग मी शिक्षिकेच्या सवयीनं हिशोब केला. बीड जिल्हा आहे १०,६९३ चौरस किलोमीटर. म्हणजे गेवराईपासून परळीपर्यंत आणि आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत जो आपला जिल्हा पसरलाय, त्यातला जवळजवळ पाऊण जिल्हा बर्फाखाली. बर्फाची जाडी सरासरी ४०० मीटरच्या आसपास. मंदिराचं शिखर, पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, इथली टेकाडं, सगळं त्यात बुडून वर जागा उरेल. आणि हे सगळं गोडं पाणी बरं का. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत दारात हंडे मांडून बसलेल्या बायकांमध्ये मी वाढले. मला त्या आकड्यानं थोडा रागच आला. कुणावर, ते सांगता येत नाही.

या मोठ्या बर्फाच्या टोपीतून खाली उतरणाऱ्या जिभा असतात. त्यातल्या एका जिभेच्या पोटात आम्ही जाणार होतो. ब्रेइदामेर्कुर्योकुल तिचं नाव. घरी उच्चार करून बघा, जिभेचा व्यायाम होतो.

जायच्या आदल्या रात्री जावयांनी मला एक गोष्ट सांगितली. बरं केलं सांगितली. आधीच्या ऑगस्टमध्ये, २५ ऑगस्ट २०२४ ला, याच हिमनदीवर सफरीला आलेल्या २३ जणांच्या गटावर बर्फ कोसळला होता. एक अमेरिकन पर्यटक जागीच गेला, त्याची जोडीदारीण जखमी झाली. त्यानंतर तिथल्या सफरी थांबवल्या, नियमांची फेरतपासणी झाली, आणि हिवाळ्यात पुन्हा सुरू झाल्या. "आई, तुम्ही नको म्हणालात तर आपण जाणार नाही," जावई म्हणाले. आमच्या ह्यांनी गुडघ्याचं निमित्त आधीच पुढं केलेलं होतं. मी रात्रभर विचार केला. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण ऑगस्ट आणि फेब्रुवारी यातला फरक मला भूगोलानंच शिकवला होता.

ही गुहा होते कशी, ते ऐका म्हणजे कळेल. उन्हाळ्यात हिमनदीच्या वरचा बर्फ वितळतो. ते पाणी भेगांतून आत शिरतं, बर्फाच्या पोटात वाट काढत तळाशी जातं आणि बाहेर पडतं. वाहता वाहता ते बोगदा कोरतं. हिवाळ्यात पाणी आटतं, थंडीनं बर्फ घट्ट होतो, आणि पाण्यानं सोडून दिलेल्या त्या बोगद्यात माणसाला शिरता येतं. उन्हाळा आला की पुन्हा पाणी, पुन्हा पडझड. म्हणून यंदाची गुहा पुढच्या वर्षी असेलच असं नाही. वाटाडे दर हंगामात नव्या गुहा हुडकतात. आपल्याकडं उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झरे खांदायचे, पावसाळ्यात ते बुजून जायचे, तसलाच प्रकार. म्हणून मी म्हटलं, थंडी कडक आहे, जाऊया.

सकाळी वाहनतळावर एका बाईनं आमचा ताबा घेतला. वाटाडी. वय तिशीच्या आत, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र पी.टी.च्या सरांसारखा. डोक्याला हेल्मेट, त्यावर बॅटरी, बुटांखाली बांधायला लोखंडी काटे. काटे तिनं प्रत्येकाचे स्वतः तपासले. माझे दोनदा काढून पुन्हा बांधले. मोठ्या चाकांच्या गाडीतून खडकाळ रस्त्यानं नेलं, मग अर्धा तास चालवलं. काट्यांनी चालताना पाय आपटत टाकायचा असतो, चिखलात टाकतो तसा. मला जमलं. चिखलाची सवय कामाला आली.

तोंडाशी आल्यावर तिनं आम्हाला थांबवलं आणि ती एकटीच आत गेली. छताकडं बॅटरी फिरवत बघून आली, मग हातानं या म्हणाली. गुहेचं तोंड इतकं ठेंगणं की मला वाकावं लागलं. आठवीत आपली सहल बीडला खजाना विहिरीला गेली होती बघा, निजामशाहीच्या काळात बांधलेली, भुयारातून पाणी आणणारी. त्या कमानीखाली वाकून बघताना कपाळाला जो गारवा लागला होता, अगदी तोच.

आणि मग मी मान वर केली.

निळं. मुलांना शिकवताना मी बर्फ नेहमी पांढरा सांगितला. आत सगळं निळं होतं. धोतर धुताना बादलीत नीळ टाकली की पाणी पहिल्यांदा जसं दिसतं ना, तसं, आणि त्यातून उजेड येतोय. कारण साधं आहे. वर पडलेल्या बर्फाच्या भुसभुशीत थरावर वर्षानुवर्षं नवे थर पडतात, वजनानं आतली हवा पिळून निघते आणि तो काचेसारखा दाट होतो. तसल्या दाट बर्फातून उजेड जाताना तांबडा रंग शोषला जातो, निळा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. भिंतीला ओंजळीएवढे खळगे, एकाशेजारी एक, जणू कुणी बाई हातानं लिंपत गेली आहे. मध्येच काळे पट्टे. ती ज्वालामुखीची राख. ज्या वर्षी स्फोट झाला त्या वर्षीच्या बर्फावर राख पडली, पुढच्या वर्षीचा बर्फ तिच्यावर. वहीत खूण घातल्यासारखं.

मी हातमोजा काढून भिंतीला हात लावला. ओली होती. कित्येक पिढ्यांआधी वर पडलेलं ते हिम, त्याचं पाणी माझ्या तळव्यावर. तेव्हा मला आमच्या देवघरातला गंगेचा गडू आठवला. आई काशीयात्रेहून गंगोत्रीपर्यंत जाऊन आली होती, तिनं आणलेला, लाखेनं तोंड बंद केलेला. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या एप्रिलमध्ये, आई एकदा म्हणाली होती, "घरात आता त्या गडूतलंच पाणी राहिलंय." ते पाणी जिथून निघतं ते गोमुख म्हणजे तरी काय? गंगोत्री हिमनदीच्या तोंडाशी असलेली बर्फाची गुहाच की. गंगोत्रीपासून १८ किलोमीटर वर. आई तिथवर गेली नव्हती, पण रोज त्या गुहेपुढं हात जोडायची. आणि मी भूगोलाची बाई, ३३ वर्षं 'गंगा नदी गंगोत्री येथे उगम पावते' एवढंच सांगत आले. ती बर्फाच्या गुहेतून बाहेर पडते हे एकाही वर्गाला सांगितलं नाही. सुचलंच नाही.

मधोमध आल्यावर वाटाडी म्हणाली, सगळ्यांनी बॅटऱ्या बंद करा आणि बोलू नका. दोन मिनिटं.

बॅटऱ्या बंद झाल्या. निळा उजेड गडद झाला. आधी आपापले श्वास ऐकू आले. मग कुठंतरी टप, टप. मग पायाखालून, खूप खालून, पाणी चालल्याचा बारीक आवाज. हिवाळ्यातसुद्धा तळाशी पाणी वाहत असतं. आणि मग, मिनिटभरानं असेल, भिंतीच्या आतून एक आवाज आला. कड्. मोठा नव्हता. रात्री माळवदाची तुळई वाजते ना, तसा. पोरं घाबरून विचारायची, "आई, कोण हाय?" आणि आई म्हणायची, "घर बोलतंय, झोप." अगदी तसा.

माझ्या हातात मोबाइल होता, मी आवाज टिपायला लावला होता.

दिवे लागल्यावर लेकीकडून मी वाटाडीला विचारून घेतलं, हा आवाज कशाचा? ती म्हणाली, हिमनदी चालते आहे. मळलेल्या कणकेचा गोळा परातीत ठेवला की आपल्याच वजनानं पसरतो, तसा एवढा जाड बर्फ स्वतःच्या भारानं आतल्या आत वाकतो, पसरतो, शिवाय तळाच्या पाण्यावरून घसरतो. कुठं ताण सहन झाला नाही की तडा जातो, तो ऐकू येतो. उन्हाळ्यात तिच्या तोंडाचे कडे तुटून तळ्यात पडतात तेव्हा तोफेसारखा आवाज होतो. कणकेचा दाखला माझा बरं का, तिला कणीक कुठली माहीत.

त्या तळ्याचंही सांगायला हवं. बाहेर आल्यावर आम्ही ते पाहिलं. योकुल्साउर्लोन. पाण्यावर घराएवढे बर्फाचे तुकडे तरंगतात, निळे, पांढरे, राखेनं काळवंडलेले, आणि सरकत सरकत समुद्रात जातात. मला ते फार सुंदर वाटलं. मग वाटाडीनं सांगितलं, माझ्या आजीच्या लहानपणी हे तळं नव्हतं. खरंच, १९३० च्या दशकापर्यंत तिथं बर्फच होता. हिमनदी मागं हटत गेली आणि तिनं सोडलेल्या खळग्यात पाणी भरलं. आज ते सुमारे अडीचशे मीटर खोल आहे. त्याच देशात ओक नावाची एक छोटी हिमनदी होती. तिच्यात चालण्याइतकं वजन उरलं नाही म्हणून २०१४ मध्ये तिचं नाव हिमनद्यांच्या यादीतून काढलं, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी वर चढून जाऊन तिच्या जागी धातूची पाटी बसवली. मयताला जातात तसे गेले. नुसता बर्फ पडून असला तर ती हिमनदी नव्हे, चालली पाहिजे. सरांची व्याख्या बरोबर होती.

त्या रात्री हॉटेलात मी तो आवाज आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला नाही. त्याला एकट्याला पाठवला. सोबत लिहिलं, "१९८० चा तुझा प्रश्न. वाजते."

तो आता ट्रॅक्टर चालवतो आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर. हे तुम्हाला सगळ्यांना माहीतच आहे, तुमच्यापैकी निम्म्यांच्या गल्लीत त्यानं पाणी ओतलंय. त्याचं उत्तर आपल्याकडच्या पहाटे आलं. मी वाचून दाखवते. "बाई, ही तर माझ्या टँकरच्या कॉकची टपटप. वायसर बदलायचा राहिलाय."

मी हसले, आणि मग मला रडू आलं. लगेच फोन लावला. म्हटलं, शेवटपर्यंत ऐक, मिनिटभरानं एक कड् आवाज येतो. त्यानं फोन ठेवून ऐकलं आणि पुन्हा फोन केला. म्हणाला, "हां. हे खरं. उसाच्या लोड गाडीचं जू असंच वाजतं, मोडायच्या आधी." मी म्हटलं, मोडत नाही, चालते आहे. तो म्हणाला, "गाडी बी चालतच असती गं तवा."

मग मी ते बोलले, जे ४५ वर्षं बोलायचं होतं. नाव मी पाडलं, मी हसले, म्हणून तू शाळा सोडलीस असं मला वाटत राहिलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुझ्या हसण्यानं कोण शाळा सोडतंय? बापानं मुकादमाची उचल घेतली व्हती. कोयता एक कमी पडायलता." आणि वर म्हणाला, "हसली व्हतीस मात्र लई."

त्या वर्षी मी पहिली आले. माझ्या बापाला उचल घ्यावी लागली नव्हती, त्याच्याकडं बागायत होती, विहिरीला पाणी होतं.

सर, तुम्ही सांगितलं होतं, कुणी पाहिली तर येऊन सांगा. उशीर झाला, तुम्ही ऐंशीच्या घरात आलात, पण सांगायला आले आहे. तो दोन मिनिटांचा आवाज माझ्या मोबाइलमध्ये आहे. तो तिकडं मागं दाराशी उभा आहे, टँकर रस्त्यावर लावून आलाय, त्यालाही जायची घाई आहे. मी मोबाइल माइकपाशी धरते. संयोजकांना विनंती, तेवढे पंखे जरा बंद करा.